खोलकुटे सरांचे बंद लिफाफे

आदरणीय वामनराव खोलकुटे सर वयाची पंचाहत्तर वर्षं पूर्ण करत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागायला संपादक मंडळी घरी आली, तेव्हा मी त्यांना एक अट घातली. एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत मी सरांच्या विरोधात जाईल अशा एका कागदावर सही केली होती. तो कागद आणि त्याचे परिणाम मी लेखात लिहिणार, ते चालत असेल तरच लेख घ्या, असं मी म्हटलं. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. गौरवग्रंथात असलं काही शोभत नाही, असं एकानं सुचवूनही पाहिलं. पण सरांनी आयुष्यभर आम्हाला जे शिकवलं ते पाहता दुसरं काही लिहिणं मलाच शोभलं नसतं.

सरांची माझी पहिली भेट सत्तर साल संपता संपता झाली. मी बावीस वर्षांचा होतो आणि जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात आस्थापना विभागात कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. सर त्याच कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक सुटा भाग मापात आहे की नाही ते पाहायचं आणि नसेल तर बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. नोकरी करता करता बाहेरून परीक्षा देऊन त्यांनी राज्यशास्त्रात एम. ए. केलं होतं आणि दर रविवारी सकाळी नेपियर टाउनमध्ये एका दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत ते चर्चावर्ग चालवत. त्या हिवाळ्यातला विषय होता ‘मुस्लिम बहुसंख्य देशांत धर्म आणि मतदान’. शेजारी देशात पहिल्यांदाच सर्वांना मताचा हक्क देऊन देशभर निवडणूक होणार होती, त्यामुळे विषय ताजा होता. मी गेलो ते मात्र चहा आणि चिवड्यासाठी. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले होते, “चाल बे श्रीधर, खोलकुटेकाकू चिवडा फर्स्ट क्लास करतात.”

खोलीत दहा-बारा मंडळी होती. बहुतेक कारखान्यातली आणि रेल्वेतली मराठी माणसं, शिवाय कोपऱ्यात पांढरी टोपी घातलेले हमीदभाई. हमीदभाई आमच्याच कारखान्यात खरादी होते. लेथवर त्यांचा हात असा बसलेला होता, की त्यांच्या यंत्रावरून आलेला माल सरांच्या मेजावर सहसा अडत नसे, आणि त्यातूनच दोघांचा स्नेह जमला होता. सरांनी भाषण केलंच नाही. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि म्हणाले, “शेजारच्या निवडणुकीत काय होईल अन् काहून होईल, ते लिहा. खाली सही करा. सही नसेल तर चिठ्ठी घेणार नाही.”

मी झटकन लिहिलं: धर्माच्या नावावर मतं मागणारे पक्ष जिंकतील, कारण त्या लोकांना मौलवी सांगेल तिथंच शिक्का मारायची सवय असते. सही ठोकली. शेजारच्याच्या चिठ्ठीवर डोळा टाकला तर त्यानंही तेच लिहिलेलं. सरांनी सगळ्या चिठ्ठ्या एका लिफाफ्यात घातल्या, स्वतःचीही घातली, मेणबत्तीवर लाख वितळवून वर मोहर लावली आणि लिफाफा कपाटात ठेवून दिला. मग चहा आला. हा माणूस जरा चक्रम दिसतो, असं मी घरी जाऊन आईला सांगितलं.

निकाल लागल्यावरच्या रविवारी लिफाफा उघडला गेला. धर्माचं नाव घेऊन उभ्या राहिलेल्या पक्षांना मूठभर जागा मिळाल्या होत्या. पूर्वेकडे भाषेचा आणि हक्काच्या वाट्याचा प्रश्न घेऊन लढणारे भरभरून निवडून आले होते, पश्चिमेकडे पोटापाण्याचं बोलणारे पुढे होते. सरांनी नियम सांगितला, आपली चिठ्ठी आपणच मोठ्यानं वाचायची. एकामागून एक अकराही जण उभे राहिले आणि एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत वाचून खाली बसले. माझी पाळी आली तेव्हा ‘त्या लोकांना’ हे शब्द वाचताना माझी नजर हमीदभाईंच्या टोपीवर गेली आणि उरलेलं वाक्य मी पुटपुटत संपवलं. महिन्याभरापूर्वी ते याच खोलीत बसलेले असताना मी हे लिहिलं होतं.

सर हसले नाहीत, की रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “लिहायच्या आधी तुमच्यापैकी कोणी एका तरी मुसलमानाला विचारलं होतं का?” कोणीच विचारलं नव्हतं. मग हमीदभाईंनी स्वतःची चिठ्ठी वाचली. धर्माचे पक्ष हरतील, हे त्यांनी बरोबर लिहिलं होतं. देशाचे दोन्ही तुकडे आपसात समजूत करून घेतील, असंही लिहिलं होतं, ते पुढे चुकलं. मी न राहवून त्यांना विचारलं, की तुम्हाला पहिली गोष्ट कशी कळली? ते म्हणाले, “इसमें क्या है, श्रीधर बाबू. नमाज़ अपनी जगह, वोट अपनी जगह. यहाँ हम नल के पानी के वास्ते वोट देते हैं. वहाँ वालों को प्यास नहीं लगती क्या?” इतकी साधी गोष्ट, आणि शिकले-सवरलेले आम्ही अकरा जण तोंडात बोटं घालून ऐकत होतो.

त्या वर्षात सरांनी आम्हाला असे एकामागून एक धक्के दिले. इंडोनेशियातल्या बेटाबेटांवर मतदानासाठी लागलेल्या रांगांची वर्णनं त्यांनी वाचून दाखवली. तुर्कस्तानात लोकांनी निवडून दिलेल्यांना लष्करानं घरी कसं बसवलं, ते समजावलं. धर्माच्या नावाखाली लोकांची तोंडं बंद करणाऱ्यांनाही त्यांनी कधी पाठीशी घातलं नाही. अशा पुढाऱ्यांबद्दल ते इतकं कडक बोलत की हमीदभाईच हसून म्हणत, “बस बस, सर, थोड़ा मेरे लिए भी छोड़िए.” त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की कुठल्याही देशात लोकशाही अडली की लोकांच्या पोथीकडे बोट दाखवण्याआधी तिथल्या मतदान केंद्रावर जाऊन पाहावं. यादीत नाव कोणाचं आहे, रांगेत कोण पोचू शकतं, मोजणारा कोण, आणि मोजणी झाल्यावर ती मानायची नाही असं कोण ठरवतं, हे विचारावं. धार्मिक माणूस मतदार होऊ शकत नाही असं मानणारे लोक स्वतः मंगळवारचा उपास सोडून मत द्यायला जातात, हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत मिस्कील चमक येई.

एकदा तिकडच्या बायकांविषयी बोलणं निघालं. मी ऐटीत म्हणालो, त्या काय, नवरा सांगेल तिथं शिक्का मारत असतील. सर म्हणाले, “तुझी आई कोणाला मत देते?” मी म्हणालो, “बाबा सांगतात त्यांना.” “विचारलं कधी?” सराफ्यातल्या आमच्या घरी गेलो, आई भाजी निवडत होती, तिला विचारलं. तिनं आधी बाबा घरात नाहीत याची खात्री करून घेतली आणि म्हणाली, “ह्यांनी सांगितलं तिथं मी एकदाही शिक्का मारला नाही. तू बोलशील नको मात्र.” मी जागच्या जागी बसलो. बावीस वर्षं जिच्या हातचं जेवलो त्या आईचं मत मला माहीत नव्हतं आणि मी दोन हजार किलोमीटरवरच्या बायकांबद्दल बोलून राहिलो होतो.

पण सर्वांत मोठा धक्का सरांनाच बसला. मार्च संपता संपता बातम्या येऊ लागल्या, की पूर्वेकडे लष्करानं स्वतःच्याच नागरिकांवर बंदुका चालवल्या आहेत. निवडून आलेल्यांना सत्ता मिळाली नाहीच. त्यानंतरच्या रविवारी सर आले ते दाढी न करता. त्यांनी स्वतःची जुनी, तोवर न वाचलेली चिठ्ठी काढली आणि उभं राहून वाचली. निकाल लागला की तो सर्वांना मानावा लागेल आणि सैन्य बराकीत परत जाईल, असं त्यांनी लिहिलं होतं. वाचून झाल्यावर त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाले, “लोकांबद्दल माझं बरोबर आलं. बंदुकीबद्दल मी चुकलो. अन् मी नोकरी करतो ती बंदुकीच्या धंद्यात.” शिक्षकानं विद्यार्थ्यांसमोर अशी चूक वाचून दाखवलेली मी तोपर्यंत पाहिली नव्हती. पुढे कारखाना सोडून ते महाविद्यालयात शिकवू लागले, तिथंही दर वर्षी पहिल्या तासाला ते हीच चिठ्ठी वाचत, हे या ग्रंथात लिहिणाऱ्या अनेकांना ठाऊक आहे.

त्या वर्षाच्या अखेरीस लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद लागले, कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. सरांच्या मेजावर मालाचे ढीग पडत. घाई इतकी, की जरा सैल मापाचा माल जाऊ द्या, असं वरून एकानं सुचवलं. सरांनी अख्खा घाणा परत पाठवला. “हे ज्याच्या हातात फुटेल तो आपलाच पोरगा आहे,” असं ते म्हणाल्याचं हमीदभाईंनी मला सांगितलं. हमीदभाईंनी यंत्रावर दोन पाळ्या सलग उभं राहून तो माल पुन्हा करून दिला. सरांच्या देशप्रेमाबद्दल शंका घेणाऱ्यानं त्या आठवड्यात त्यांच्या मेजापाशी येऊन पाहायला हवं होतं.

शंका घेतली गेलीच. वर्ग बंद करा, असं मी त्यांना सुचवलं होतं. शहरानं दहा वर्षांपूर्वी हिंदू-मुसलमान दंगल पाहिली होती, मनं अजून हुळहुळी होती. सर म्हणाले, “आत्ताच तर समजून घ्यायची वेळ आहे, आत्ता काहून बंद करू?” पुढच्या रविवारी त्यांनी स्पष्ट सांगितलं, की ही लढाई आपण जिंकू, आणि जिंकायलाच हवी. पण ती सुरू झाली एका मतपेटीवरून. मतं देणारे मुसलमान होते, ती मतं पायदळी तुडवणारेही मुसलमान होते, तेव्हा नुसता धर्म सांगून या गोष्टीचा उलगडा होत नाही. मला ते पटलं होतं. कोणाला तरी पटलं नसावं, कारण चारच दिवसांत एक निनावी पत्र कारखान्याच्या सुरक्षा कचेरीत पोचलं. खोलकुटे दर रविवारी कामगार गोळा करतात, परदेशी राजकारणाबद्दल सह्यांनिशी लिहून घेतात आणि लाखेची मोहर लावून ठेवतात, असा त्यातला मजकूर होता.

वर्षभरात साठलेले लिफाफे जप्त झाले. लढाईच्या दिवसांत एका कारखान्याच्या तपासनिसाच्या कपाटात अशा वस्तू निघाल्यावर काय होऊ शकतं, हे मी आस्थापनेत असल्यामुळे पक्कं जाणत होतो. सरांची नोकरी जाऊ शकत होती, अटकही होऊ शकली असती. वर्गाला येणाऱ्या कोणातरी एकाला बोलावून खुलासा घ्यायचा ठरलं, आणि बोलावलं मला. मेजावर चिठ्ठ्या पसरलेल्या होत्या. सुरक्षा कचेरीच्या साहेबांनी माझीच चिठ्ठी उचलून विचारलं, “ये दस्तख़त आपके हैं?” मी हो म्हणालो. “ये सब किसलिए?”

उत्तर मला पाठ होतं. आम्ही न पाहिलेल्या माणसांबद्दल किती सहज काहीही मानून बसतो, ते आम्हाला आमच्याच अक्षरात दाखवण्यासाठी. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. पण ते सांगायचं तर आधी माझी चिठ्ठी वाचून दाखवावी लागली असती, मी सरांचा विद्यार्थी आहे हे कबूल करावं लागलं असतं, आणि माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी जबाब दिला, तो असा: श्री. खोलकुटे यांनी वर्गात आमच्याकडून लिहून घेतलं व सह्या घेतल्या. हेतू मला माहीत नाही. त्यातला पहिला भाग खरा होता. दुसरा शब्दाशब्दानं खोटा होता. मी खाली सही केली आणि जेवायच्या सुट्टीत डबाही खाल्ला.

सरांची नोकरी वाचली, लिफाफेही पुढे परत मिळाले. मात्र तपासणीतून काढून त्यांना लाकडी खोकी बनवणाऱ्या विभागात टाकण्यात आलं आणि त्यांची होऊ घातलेली बढती बारगळली. नोकरी वाचली कशी, हे मला महिन्यानं कळलं. ते प्रकरण बंद होऊन फाइल लावायला माझ्याच टेबलावर आलं. माझ्या जबाबाखाली दुसरा एक जबाब होता. तो कोणी मागितलेला नव्हता. हमीदभाई आपणहून सुरक्षा कचेरीत गेले होते. त्यांनी हिंदीत लिहून दिलं होतं, “मक़सद मुझे मालूम है. सर हमसे पहले लिखवा लेते हैं, ताकि बाद में हमारी ग़लती हमारे ही हाथ की लिखी हुई दिखे. इनमें एक ग़लती मेरी भी है.” खाली सही होती.

शेजारी देशाशी लढाई सुरू असताना, संरक्षण कारखान्यातला एक मुसलमान खरादी, घरी सहा माणसं खाणारी, आपणहून उठून गेला होता आणि या चिठ्ठ्यांत माझीही आहे असं लिहून देऊन आला होता. माझं नाव काय, माझं आडनाव काय, मला भ्यायचं कारण किती थोडं होतं! मी शरमेनं काळाठिक्कर पडलो. पुढचे कितीतरी महिने सुटीच्या भोंग्यानंतर फाटकावर हमीदभाईंना रांगेतून बाहेर काढून त्यांची झडती घेतली जायची. ते दोन्ही हात वर करून उभे राहत, आणि मी शेजारून सायकल ढकलत निघून जाई. फाइल मी नीट लावली. कोणाला बोललो नाही.

सरांनी खोकी विभागातही स्वस्थ बसू नये, याचं तेव्हा आम्हाला आश्चर्य वाटलं, आता वाटत नाही. जेवणाच्या सुट्टीत सुतारांना जमवून ते वर्तमानपत्र वाचून दाखवत. लढाई संपली, युद्धकैद्यांच्या गाड्या जबलपूरला आल्या, अर्धं गाव बघायला स्टेशनवर लोटलं. मीही सरांना चला म्हणालो. ते म्हणाले, “लोकांनी दिलेली मतं मोडायला दुसऱ्यांनी पाठवलेली पोरं आहेत ती. त्यात बघून काय राहिला तू?” मी गेलो नाही.

पुढे, या लढाईतून पूर्वेकडे जन्मलेल्या नव्या देशातली लोकशाही काही वर्षांतच कोलमडली. रविवारचा वर्ग पुन्हा भरू लागला होता, तिथं आमच्यापैकी काहींना उकळ्या फुटल्या, बघा, शेवटी व्हायचं तेच झालं. सरांनी नवी चिठ्ठी दिली आणि म्हणाले, “आता आपल्या देशाबद्दल लिहा. आपल्याकडे निवडणूक कधी होईल?” आणीबाणी चालू होती. एकाचाही पेन चालेना. ज्या चिठ्ठ्या आम्ही परक्यांबद्दल इतक्या बेधडक लिहिल्या होत्या, तीच चिठ्ठी स्वतःबद्दल आल्यावर सही करायची हिंमत कोणात नव्हती. कोऱ्या चिठ्ठ्या गोळा करून सरांनी तशाच लिफाफ्यात घातल्या. पुढे पीएच. डी.साठी त्यांनी लिहिलेल्या प्रबंधातलं एक प्रकरण तिथून सुरू झालं, असं ते सांगत असत.

सरांच्या व्यक्तिगत चांगुलपणाबद्दल मी किती लिहू? माझे वडील आजारी पडले तेव्हा रुग्णालयात अकरा दिवस दुपारी माझ्या जागी सर बसले, मला कामावर जाता यावं म्हणून. वडील गेल्यावर तिलवाऱ्याच्या घाटावर अस्थी सोडायला गेलो तेव्हा ते बरोबर होते. नर्मदेच्या पाण्यात उभा असताना मी त्यांना सगळं सांगायला तोंड उघडलं होतं. त्यांना वाटलं मला रडू येतंय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी परत गप्प झालो. दर दिवाळीला त्यांच्याकडे जात राहिलो. माझ्या मुलीला राज्यशास्त्र घ्यायला त्यांनीच लावलं. इतकं सगळं घेत असताना मी तो एक कागद पोटात ठेवला, चाळीस वर्षं.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी तो घेऊन सरांच्या घरी गेलो. हे सारं त्यांनी छापील ग्रंथात पहिल्यांदा वाचावं, हे बरोबर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या मनात एक लबाड आशा होती. सरांना हे आधीपासून माहीत असेल, ते हसतील आणि विषय संपेल, असं वाटत होतं. सरांनी चष्मा लावून लेख वाचला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मला बोलावलं गेलं होतं, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा माझ्यासमोर उतरत गेला. म्हणाले, “चाळीस वर्षं तू माझ्या घरी फराळ खात राहिला, अन् हे पोटात ठेवून राहिला?” त्यांनी कागद टेबलावर ठेवले आणि आत निघून गेले. काकू दारात आल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याही आत गेल्या. सरांना मी रागावलेलं पूर्वी पाहिलं होतं, दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. उठून जावं की बसावं ते मला कळेना.

बऱ्याच वेळानं सर बाहेर आले. डोळे धुतलेले दिसत होते. खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं, “हमीदला सांगितलं?” मी नाही म्हणालो. “मग माझ्याकडे काहून आला आधी? माझी बढती गेली, चलो, गेली. हात वर करून फाटकावर कोण उभं राहिलं? जा, आधी त्याला सांग. तो हो म्हणाला तर छाप, नाही तर फाडून टाक. अन् त्याला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हिंदीत सांगशील, नीट. काही गाळू नको.” सरांनी माझ्या गौरवलेखात केलेली ही एकमेव दुरुस्ती.

दुसऱ्या दिवशी मी हमीदभाईंकडे गेलो. ते ऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं, ऐकू मात्र ठीक येतं. खाटेवर बसून त्यांनी सगळं ऐकलं. मी माझा जबाब शब्द न शब्द सांगितला, फाइल पाहिल्याचं सांगितलं, फाटकाचं सांगितलं. सून चहा ठेवून गेली, तो तसाच राहिला. मी माफी मागितली. त्यांनी गार झालेला चहा बाजूला सारला. मग म्हणाले, “साहब ने उस दिन मेरा काग़ज़ पढ़कर कहा था, ये एक आदमी की बात है, और वो भी तुम्हारी. कोई दूसरा यही बात कह दे, तो मैं खोलकुटे को वापस उनकी मेज़ पर बिठा दूँ. बस एक और चाहिए था, बाबू. मैं दो बार आपके दफ़्तर के दरवाज़े तक आया था. आप सिर झुकाकर लिख रहे थे. मैंने सोचा, नया लड़का है, इसे क्यों मुसीबत में डालूँ. लौट गया.”

दोनदा! दाराच्या एका बाजूला ते उभे होते आणि दुसऱ्या बाजूला मी, आणि सरांचं सगळं पुढचं आयुष्य बदलू शकणारा तो दुसरा माणूस मीच होतो. माझ्या भित्रेपणानं सरांचं नुकसान झालं, हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. हमीदभाई माझ्यावर दया करून परत गेले होते, हे मात्र मला त्या दिवशी कळलं. मी तिथंच, त्यांच्या सुनेसमोर, रडलो. हमीदभाईंनी हात चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाले, “छाप दीजिए. पर सर के जलसे में आप ये मुँह से भी बोलिए. काग़ज़ पर तो पहले भी दे चुके हैं.”

तेव्हा ठरलं आहे. सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर सरांच्या शेजारची खुर्ची हमीदभाईंची असेल, हे संपादक मंडळानं मान्य केलं आहे. हारतुरे होण्याआधी मी उभा राहीन आणि सरांचा हेतू काय होता ते सर्वांसमोर सांगेन. आदरणीय खोलकुटे सरांना आणि त्यांचे स्नेही हमीदभाई यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, दोघांनाही पुढची कितीतरी वर्षं आमच्या चुका आमच्या तोंडावर सांगण्याचं बळ मिळो, हीच माझी प्रार्थना. त्या दिवशी माझा आवाज थरथरला तर दोघांनी मला सांभाळून घेऊ नये. मला पूर्ण बोलू द्यावं.